मंगळवारची दही-साखर

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार

अकरा वर्षांनी डायरी हातात घेतली. प्रयोगाच्या वहीत हे लिहिता येत नाही आणि घरात ऐकायला भिंती सोडल्या तर कोणी नाही.

आज दादाला केमोचा पहिला डोस दिला. सिद्धोधनदादा, माझा थोरला भाऊ. पूर्णा जंक्शनवर छत्तीस वर्षं पॉइंट्समन होता, गाड्यांचे रूळ बदलायचा. त्याच्या पगारावर मी औरंगाबादला शिकले, डॉक्टरेट केली, परभणीच्या या कॉलेजात औषधशास्त्राची प्रोफेसर झाले. जूनमध्ये त्याच्या मानेत गाठ आली, लिम्फोमा निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं : एकवीस दिवसांच्या अंतरानं सहा डोस. सहाही झाले तर माणूस हाती लागेल, मध्येच सोडले तर आमचा शब्द नाही.

सकाळच्या गाडीनं पूर्णेला उतरले. दादा ओट्यावर बसला होता. मला बघून नेहमीचं वाक्य : "ये प्रोफेसरीणबाई. आज कोणतं काम काढलंस?" मी कामाशिवाय येत नाही हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

नांदेडला निघताना मी त्याच्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवली. आमची आई परीक्षेला निघताना ठेवायची. मी बी.फार्मसीला निघाले त्या सकाळी ती अंधारातच निंदायला गेलेली, म्हणून दादानं ठेवली होती, ड्यूटीच्या निळ्या शर्टात. एकोणचाळीस वर्षांनी परतफेड केली म्हणायची. त्यानं तळहात चाटला आणि म्हणाला, "फर्स्ट क्लासात पास होतो बघ."

संध्याकाळी परतताना चार उलट्या झाल्या. मी पिशवी धरली, पाठीवर हात फिरवला. मळमळ मेंदूत कुठून निघते हे मी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवते आहे. पिशवी धरताना त्यातलं काहीही कामाला आलं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

उंदराला ओकता येत नाही. पहिल्या तासाला हे सांगितलं की पोरं हसतात. पण खरं आहे, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. मळमळ मात्र त्यालाही होते. तेव्हा तो तोंडाचा मोठा आ वासतो, आणि तेच आम्ही मोजतो. काचेच्या तळाची पेटी, खाली कॅमेरा. पेटीत ठेवायचं, मळमळीचं इंजेक्शन द्यायचं. असं तीन-चारदा झालं की चौथ्या-पाचव्या वेळी इंजेक्शन न देता नुसतं पेटीत ठेवलं तरी तो आ वासतो. जागाच त्याला सगळं आठवून देते. माणसांचंही असंच होतं. केमोचे कितीतरी रुग्ण हॉस्पिटलची पायरी बघूनच ओकतात. उलटीच्या गोळ्या या मळमळीवर फारशा चालत नाहीत. गांजाच्या झाडातला एक घटक, नशा न चढवणारा, तिथे काम करतो असं माझं पंधरा वर्षांचं म्हणणं आहे. तेवढ्यावरून स्टाफरूममध्ये माझं नाव 'गांजावाल्या बाई' पडलं. मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

त्या घटकाची परवानगी यायला अडीच वर्षं लागली. आता साठा कपाटात, दोन कुलपांत, थेंबाथेंबाची नोंद रजिस्टरात.

प्राणीगृह सांभाळणारा आश्रुबा आज म्हणाला, "मॅडम, ते रुमालाचं तेल कमी लावत जावा. तुमी दारात आलाव की उंदरं कोपरा धरतेत." रुमालावर निलगिरीचे चार थेंब, प्राणीगृहाच्या वासावर माझा वीस वर्षांचा उपाय. म्हटलं, आश्रुबा, तू खाऊ घालतोस म्हणून तुझ्याकडे येतात, यात नवल काय. तो हसला आणि लाकडाचा भुसा बदलायला लागला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा डोस. दादानं आज "कोणतं काम काढलंस" विचारलं नाही, नुसता "आलीस का" म्हणाला. डोक्यावरचे केस गेले. वहिनीनं त्याला अर्पिताचा लोकरी टोपरा घातला होता, ऑगस्टमध्ये. अर्पिता म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, तिथल्याच शाळेत शिकवते.

दही-साखर त्यानं अर्धीच घेतली. उरलेली माझी नजर चुकवून मांजरीला घातली, पण मला दिसलं. गाडीत माझ्या शेजारची जागा सोडून खिडकीशी जाऊन बसला. वारा हवा असेल.

परतल्यावर गीतावहिनी चहा देताना म्हणाली, "ताई, तुमच्या रुमालाचा वास लय उग्र हाय ओ." आयुष्यभर जनावरांच्या पिंजऱ्यात काम करणाऱ्या बाईला आणखी कसला वास येणार! चहा अर्धा ठेवून गाडी गाठली.

४ सप्टेंबर, बुधवार

मार्चमध्ये पाठवलेल्या शोधनिबंधावर नियतकालिकाचं उत्तर आलं. दोन परीक्षक. पहिला बरा आहे. दुसरा विचारतो : "उंदराला पेटीत ठेवणारी आणि इंजेक्शन देणारी व्यक्ती एकच होती का? तसं असेल, तर प्राणी पेटीला प्रतिसाद देत होता की त्या व्यक्तीला, हे कसं ठरवलं?"

कुठल्या तरी थंड देशात बसून प्रश्न काढायला काय जातं. माझ्याकडे काय सहा मदतनीस आहेत? इंजेक्शन मीच देते, मोजतेही मीच. पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त होते. तोवर हा निबंध निघाला नाही तर पंधरा वर्षांचं काम आश्रुबाच्या भुशाबरोबर बाहेर जाईल.

उत्तर द्यायला नव्वद दिवसांची मुदत आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, झेंडावंदन बुडवून पूर्णेला गेले. तिसरा डोस.

आज भलतंच झालं. मी फाटकातून आत आले, चपला काढल्या, आणि दादा उठून मोरीकडे धावला. रिकाम्या पोटाचे उमासे, बाहेर काही नाही. नंतर मी दह्याची वाटी पुढे केली तर तोंड फिरवून पुन्हा गेला.

वहिनी घाबरली. मी तिला आणि अर्पिताला बसवून समजावलं : याला अपेक्षेची मळमळ म्हणतात, हॉस्पिटलच्या विचारानं होते, माझ्या उंदरांनाही होते. पेटी म्हणजे हॉस्पिटल. चांगलं वीस मिनिटं सांगितलं, पाटीवर चित्रही काढलं. अर्पिता माझ्याकडे विचित्र बघत होती. तिला विज्ञानाची गोडी आहे, लहानपणापासून.

निघताना वहिनी म्हणाली, "ताई, तुमी लय दमायलात. पुढच्या बारीला अर्पिता रजा टाकून जाईल की सोबत."

मी म्हटलं, मी असताना तिनं रजा का टाकायची? मला कळतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला नणंद कधी लागली नाही, आता आजारपणात मी मध्ये आलेली आवडत नाही. पण हा माझाही भाऊ आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

अर्पिताचा फोन. दादा म्हणतो, आता बास, चौथ्याला जाणार नाही. "मंगळवार जवळ आला की रडायलेत, आत्या. मरण परवडलं म्हणायलेत."

मी म्हटलं, फोन त्याला दे. मागे कुजबूज ऐकू आली. मग अर्पिता म्हणाली, झोपलेत. सकाळी साडेअकराला!

फोन ठेवला आणि बराच वेळ कपाटाच्या किल्लीकडे बघत बसले. त्याला जे होतंय त्यावरचं औषध अख्ख्या जिल्ह्यात एका कपाटात आहे, आणि ते उंदरांसाठी आहे. बाटलीवर लाल अक्षरांत लिहिलंय, मानवी वापरासाठी नाही. मीच वर्गात ओरडून सांगत आले : उंदराचा डोस माणसाला लावणारा औषधशास्त्रज्ञ नव्हे, भोंदू.

७ ऑक्टोबर, सोमवार

लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायचं तर डायरी कशाला? आज दोन्ही कुलपं काढली. सहा मिलिलिटर लहान बाटलीत घेतलं. रजिस्टरात पेन्सिलीनं लिहिलं, 'सांडले'. बत्तीस वर्षांत पहिली खोटी नोंद. बाटली पर्समध्ये आहे, दह्याच्या डब्याशेजारी.

चौथा डोस चुकला तर पुढचं सगळं चुकलं. मी काही त्याला मरायला सोडणार नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दादा आतल्या खोलीत होता. मी दारात उभी राहिले, पर्स उघडून रुमाल काढला, घाम पुसला. तो बाजेवरच वाकला. पित्त आलं. वहिनी तांब्या घेऊन धावली. मी पुढे गेले पाठीवर हात ठेवायला, तर त्यानं हात आडवा केला.

"रेणू, तू जा गं," म्हणाला. "माय माझी, जा तू."

आयुष्यात दादानं मला जा म्हटलेलं आठवत नाही. ये म्हणून बोलावलेलंही फार नाही, कारण मला यायला वेळ नसतो हे त्याला माहीत. बाहेर ओट्यावर पाऊण तास बसले. आत तो शांत झाला होता. वहिनीशी बोलल्याचा आवाज येत होता, एकदा तर हसलासुद्धा. मी पुन्हा आत डोकावले आणि पुन्हा तेच.

नांदेडला गेलो नाही. डॉक्टरांनी फोनवर एक आठवडा दिला, त्यापुढे थांबता येणार नाही म्हणाले. बाटली तशीच परत आणली. ती काढायची वेळच आली नाही.

घरी आल्यावर डब्यातलं दही मी खाल्लं. आंबट झालं होतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

सहा मिलिलिटर परत ओतलं, पेन्सिलीची ओळ खोडली, खाली पेननं काय केलं होतं ते लिहून सही केली. प्राचार्य बघतील तेव्हा बघतील.

कॉलेजात दुसरं काही सुचेना, म्हणून त्या दुसऱ्या परीक्षकाचं तोंड बंद करायचं ठरवलं. आश्रुबाला सांगितलं, उद्यापासून तयार झालेले, म्हणजे इंजेक्शनाशिवायही आ वासणारे, निम्मे उंदीर तू पेटीत ठेवायचे, मी खोलीत नसेन. उरलेले निम्मे मी हातात घेऊन साध्या पिंजऱ्यात ठेवेन, पेटीत नाहीच; त्याच्याही तळाला काच आणि खाली कॅमेरा लावू. इंजेक्शन कुणालाच नाही.

"काय व्हायचंय, मला आधीच ठावं हाय," आश्रुबा म्हणाला.

"काय?"

"होऊ द्या की. सांगून तुमाला पटतंय व्हय?"

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आश्रुबानं पेटीत ठेवलेले बारा उंदीर : दहा मिनिटांत सरासरी तीन वेळा आ वासला.

मी साध्या पिंजऱ्यात ठेवलेले बारा : सरासरी चौदा वेळा.

चित्रफिती तीनदा बघितल्या. एका फितीत खाली काचेवर उंदराचे चार गुलाबी पंजे आहेत आणि वर माझा हात, मनगटाला गुंडाळलेला रुमाल. उंदराला बाहेर काढायला हात पुन्हा आत येतो आणि तोंड उघडतं. हात अजून त्याला लागलेलाही नसतो.

पेटीला घाबरत नव्हते. पंधरा वर्षं मी पेटी पेटी करत होते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज अशोक विजयादशमी. कॉलनीत सकाळपासून पांढऱ्या साड्या आणि 'जय भीम'. मी खिडकीतून बघितलं, खाली गेले नाही.

रात्रभर तारखा जुळवत होते. जूनपासून मी दादाकडे किती वेळा गेले? चार वेळा. चारही मंगळवारी. मध्ये एक रविवार नाही, एक सण नाही. आधी गोड भरवलं, मग विष टोचायला नेलं, दर एकवीस दिवसांनी, त्याच हातानं, त्याच वासानं. याहून काटेकोर प्रयोग मी प्रयोगशाळेतही केला नसेल. आणि पाटीवर चित्र काढून त्यांना सांगत होते, पेटी म्हणजे हॉस्पिटल!

अर्पिताला फोन लावला. म्हटलं, "अर्पिता, दादाला मळमळ माझ्यामुळे होते."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "तुला कळलं होतं?"

"दुसऱ्या डोसलाच कळलं होतं, आत्या. आईला पण." ती रडत होती. "बाबांनी शपथ घातली. म्हणाले, रेणूला सांगू नका. तिला आपल्याशिवाय दुसरं कोण हाय? तेवढंच येणं हाय तिचं, तेबी तोडू नका म्हणाले."

म्हणजे ही मळमळ तो माझ्यासाठी सोसत होता. मला कोणी नाही हे त्याला माहीत होतं, आणि मला वाटायचं ते कोणालाच दिसत नाही.

फोन ठेवून मी खूप रडले. शेजारच्या बाईंनी बेल वाजवली, मी दार उघडलं नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

चौथा डोस आज झाला. अर्पिता घेऊन गेली. दही-साखर नाही, मी नाही. सव्वानऊला तिचा निरोप : "निघालो. बाबांना काही झालं नाही. भजी मागत होते."

मी त्या वेळी द्वितीय वर्षाचा तास घेत होते. निरोप वाचून पोरांना म्हटलं, पाच मिनिटं आपापलं वाचा. मग भिंतीकडे तोंड करून फळा पुसला. फळा कोराच होता.

सगळ्यात गुणकारी औषध निघालं माझं न जाणं. फुकट, विनापरवाना. आनंद व्हायला हवा. झालाही. पण घरी आल्यावर इतकं एकटं वाटलं की रेडिओ लावला आणि बातम्या देणाऱ्याला मोठ्यानं उत्तरं देत बसले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

नियतकालिकाला लिहिलं : "होय, व्यक्ती एकच होती. परीक्षकांची शंका बरोबर आहे. नवे आकडे सोबत जोडले आहेत. मूळ निष्कर्ष मी मागे घेते." सहा ओळी झाल्या. खाली सहकारी म्हणून आश्रुबाचं पूर्ण नाव घातलं. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग पगार वाढंल का?"

त्याला विचारलं, एकदा बसलेली भीती जाते का रे?

"जाती की. पण इंजेक्शन न घेता यावं लागतंय, मॅडम. रोज. हात रिकामा घेऊन. अन् गडबड करायची न्हाई."

पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे. मी ते दरवर्षी शिकवते.

२० ऑक्टोबर, रविवार

रुमाल घरी ठेवला. पर्सऐवजी कापडी पिशवी. साधी आंघोळ, नवा साबण. दुपारच्या गाडीनं गेले, सकाळच्या नाही.

अर्पितानं मला अंगणातच बसवलं, खिडकीपासून लांब. दादा आतून म्हणाला, "कोण आलंय?" वहिनीनं सांगितलं. उमासे सात. मी दहा मिनिटांनी उठून आले. गाडीला वेळ होता, तो प्लॅटफॉर्मवर काढला.

२७ ऑक्टोबर, रविवार

दारापर्यंत गेले. उमासे चार. वहिनीनं माझ्यासाठी बाहेर खुर्ची आणि चहा आणला आणि स्वतःही खाली बसली. म्हणाली, "ताई, माझा राग आला व्हता का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मलाबी आला व्हता." चहा दोघींनी पूर्ण प्यायला.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचे दिवस, गाडीत उभं राहायला जागा नाही. दादाच्या खोलीत बसले, कोपऱ्यात. उमासे दोन. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आवाज ऐक. ही मालगाडी तीन नंबरला घेतली." मी म्हटलं, तुला कसं कळतं? म्हणाला, "तुला उंदराचं कसं कळतं?"

पाचवा डोस परवा आहे. मी जाणार नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

झाला. रात्री तीन उलट्या, त्या औषधाच्या. निघताना काही नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सहावा आणि शेवटचा डोस २६ तारखेला.

आज दादा ओट्यावर होता, पहिल्या दिवशीसारखा. डोक्यावर बारीक लव आली आहे. मी फाटक उघडलं, आत आले, चपला काढल्या. त्यानं गिळल्यासारखं केलं, एकदा.

"आज कोणतं काम काढलंस?"

"काही काम नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही. अशीच आले."

"मग बस की," म्हणाला, आणि ओट्यावर सरकून जागा केली. अगदी जवळ नाही, हातभर अंतर ठेवून.

बसले. दोन गाड्या गेल्या, त्यानं दोन्हींचे नंबर सांगितले. वहिनीनं शेंगा भाजून आणल्या, त्यानं सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले. एकोणसाठावं वर्ष जवळ आलं, आणि कुणी काही हातावर ठेवलं तर मला अजून रडू येतं.

सव्वापाचला मी पिशवी उचलून उभी राहिले. सहाची गाडी होती. आणि दादाचं तोंड वासलं गेलं. त्यानं हातानं झाकलं, पण मी बघितलं. माझं उठणं, पिशवी खांद्याला लावणं, म्हणजे चल, नांदेडला निघायचं. हे मी मोजलंच नव्हतं.

"जा तू. गाडी चुकंल," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या, जोर लागल्यामुळे.

मी पिशवी खाली ठेवली आणि परत बसले. वहिनीला हाक मारून सांगितलं, भाकरी माझीही टाका. हे अर्पिताच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, उद्या डायरीत डकवेन. सहाची गेली, दादा म्हणतो दोन नंबरवरून गेली.